डोळे फिरविणे

वैताग, अविश्वास किंवा तुच्छता शब्दांवाचून व्यक्त करणारी एक नेत्रचेष्टा. तीत बुबुळे वर नेऊन वरच्या पापणीखालून एका बाजूकडून दुसरीकडे वळविली जातात. पुष्कळदा जोडीला उसासाही असतो. प्रत्येक नेत्रगोल सहा स्नायूंच्या साहाय्याने हलतो व तिसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या मस्तिष्क तंत्रिका त्यांचे नियंत्रण करतात. ही चेष्टा ऐच्छिक असते. डोळे मिटताना बुबुळे आपोआप वर जातात, तसेच काही मनोविकारांवरील औषधांच्या दुष्परिणामाने डोळे वर खिळून राहतात. हे प्रकार तिच्याहून वेगळे होत.

या हालचालीचा अर्थ मात्र शरीरापेक्षा रूढीने ठरतो. भरताच्या नाट्यशास्त्रात बुबुळांची नऊ कर्मे सांगितली असून त्यांतील ‘भ्रमण’ म्हणजे बुबुळे गरगर फिरविणे हे वीर व रौद्र या रसांत योजावयाचे आहे. तेथे वैतागाचा संबंध नाही. शेक्सपिअरच्या द रेप ऑफ ल्युक्रीस (१५९४) या काव्यात टार्क्विनचे फिरते डोळे कामवासना दाखवितात, तर ऑथेल्लो नाटकात डेस्डिमोनाला पतीच्या फिरत्या डोळ्यांत आपला घात दिसतो. चार्ल्स डार्विनने १८७२ साली भावाविष्कारावरील ग्रंथात तुच्छतेची लक्षणे देताना अर्धवट मिटलेल्या पापण्या आणि दृष्टी दुसरीकडे वळविणे यांचा उल्लेख केला. समोरची व्यक्ती पाहण्याच्याही योग्यतेची नाही, असे त्यातून सुचते. डोळे फिरविण्याचा आजचा अर्थ याच्याशी जुळणारा आहे. मराठीत ‘डोळे फिरणे’ म्हणजे उन्मत्त होणे. तुच्छतेसाठी ‘नाक मुरडणे’ हाच जुना आणि अधिक नेमका वाक्प्रचार होय.

उघड विरोध करण्याची सोय नसलेल्या विद्यार्थ्याला किंवा घरातील धाकट्याला ही चेष्टा सोयीची वाटते, कारण ती क्षणात संपते आणि नंतर नाकारताही येते. तिचा घाव मात्र लहान नसतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी दांपत्यांची संभाषणे चित्रफितींवर नोंदवून अभ्यासली. त्यांच्या मते रागापेक्षा तिरस्कार हा विवाह मोडण्याचा अधिक गंभीर पूर्वसंकेत असतो आणि डोळे फिरविणे हे त्या तिरस्काराचे एक लक्षण आहे. २०१५ साली युनिकोड या संगणकीय लिपिसंकेतात डोळे फिरविणाऱ्या चेहऱ्याच्या चिन्हाचा समावेश झाला, तेव्हापासून लेखी संदेशांतही ती वापरता येऊ लागली.