उंच काचांची निगा – भाग 6 : पोल हलका कशाने होतो?

वॉटर-फेड पोल म्हणजे एकात एक सरकणाऱ्या पोकळ नळ्यांची लांब काठी. तिच्या टोकाला ब्रश असतो, आतून बारीक पाइप वर जातो आणि ब्रशमधल्या दोन किंवा चार जेटमधून क्षारमुक्त पाणी काचेवर पडते. पाण्यात क्षार नसल्याने काच पुसावी लागत नाही. ती घासून धुतली की काम संपले, वाळल्यावर डाग राहत नाही. ब्रिटनमध्ये 2005 साली उंचीवरच्या कामाचे नियम लागू झाले. जे काम जमिनीवर उभे राहून होऊ शकते त्यासाठी माणसाला वर चढवू नये, हे त्यांतले पहिले तत्त्व. तिथल्या काच-सफाईत शिडीची जागा पोलने घेतली, त्यामागे या नियमांचा मोठा वाटा आहे. नाशिकमध्ये अजून शिडी, परांची आणि दोर हीच तीन साधने सर्रास दिसतात. पोल घ्यायचा विचार करणाऱ्या सफाई ठेकेदाराचा पहिला प्रश्न मात्र किमतीचा नसतो. दिवसभर डोक्यावर धरायचा पोल किती हलका आहे, हे तो आधी विचारतो.

प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर कॅटलॉगमधल्या किलोच्या आकड्यात सापडत नाही.

त्याआधी पोल कुठे चालतो ते पाहिले पाहिजे. नाशिकच्या बहुतेक निवासी इमारतींत तो निरुपयोगी आहे. खिडकीबाहेर लोखंडी ग्रिल, ग्रिलला कबुतरांची जाळी, वर छज्जा आणि आत स्लायडिंगच्या काचेला डासांची जाळी, एवढ्या अडथळ्यांतून ब्रश काचेपर्यंत पोचतच नाही. शिवाय स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये साचलेली माती पाण्याबरोबर खोलीत उतरते. पोलचे खरे क्षेत्र म्हणजे ग्लेझिंग आणि एसीपीचे दर्शनी भाग: कॉलेज रोड व गंगापूर रोडवरची दुकाने, दवाखाने आणि बँका, मुंबई-आग्रा महामार्गाच्या सर्व्हिस रोडला लागून असलेली वाहनांची शोरूम, सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींतली कार्यालये. उड्डाणपुलाशेजारच्या इमारतींवर धूळ खालून येते तशी पुलाच्या पातळीवरूनही येते, त्यामुळे त्यांच्या वरच्या मजल्यांच्या काचाही लवकर मळतात. 2027 च्या सिंहस्थाच्या तयारीत हॉटेले दर्शनी भाग नवे करत असतील, तर त्यांनी काच धुणार कोण आणि कुठे उभा राहून, हे वास्तुविशारदालाच विचारलेले बरे.

पुढचा हिशेब लांबीचा. तळमजल्याचे दुकान 4 मीटर आणि वरचे मजले प्रत्येकी 3 मीटर धरले, तर तळमजला अधिक तीन मजल्यांच्या इमारतीत काचेची वरची कड साधारण 12 मीटरवर येते. पोल धरणारे हात जमिनीपासून 1.2 मीटरवर असतात, म्हणजे उभे अंतर उरते 10.8 मीटर. पोल जमिनीशी 70 अंशांत तिरका धरला तर त्याची लांबी सुमारे 11.5 मीटर लागते आणि माणसाला भिंतीपासून जवळजवळ 4 मीटर मागे उभे राहावे लागते. एवढी मोकळी जागा पुढे आहे का, की तिथे दुचाकींची रांग आहे, हे पोल मागवण्यापूर्वी पाहायचे. तळमजला अधिक एक मजल्यासाठी 6 मीटरचा पोल पुरतो. शहरातले पोलने होण्याजोगे बरेचसे काम याच दोन लांबींच्या मधले आहे. पाचव्या मजल्यापलीकडे पोल पोचवता येतो, पण मातीचा थर निघाला की नाही हे खालून दिसत नाही. तिथे दोरावरचा प्रशिक्षित माणूसच योग्य.

आता वजन. पोल तीन प्रमुख पदार्थांचे बनतात. अॅल्युमिनियमची घनता 2.7, काचतंतूच्या म्हणजे ग्लास फायबरच्या नळीची साधारण 2 आणि कार्बन फायबरची 1.5 ते 1.6. एवढे आकडे पाहून ग्लास फायबर अॅल्युमिनियमपेक्षा चांगले आणि कार्बन सर्वांत उत्तम, असा निष्कर्ष निघतो. तो अर्धाच खरा आहे. पोलला हलकेपणाबरोबर ताठपणाही लागतो. अॅल्युमिनियमचा ताठपणा मोजणारा गुणांक सुमारे 70 गिगापास्कल आहे. तंतू एका दिशेत घातलेल्या ग्लास फायबरचा 40 च्या आसपास आणि तशाच कार्बनचा 130 च्या आसपास असतो. ताठपणाला घनतेने भागले तर अॅल्युमिनियम 26, ग्लास 20 आणि कार्बन 80 च्या वर जातो. म्हणजे वजनाच्या मानाने अॅल्युमिनियम व ग्लास फायबर एकाच पंगतीचे, कार्बन मात्र तिप्पट-चौपट सरस. प्रत्यक्ष नळीत काही तंतू आडवे-तिरपे घालावे लागतात, त्यामुळे हा फरक थोडा घटतो, पण पुसला जात नाही. हायब्रिड म्हणून विकला जाणारा पोल दोन्ही तंतूंच्या मिश्रणाचा असतो. त्यात कार्बन किती टक्के आहे हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे, कारण नुसत्या काळ्या रंगावरून काहीच कळत नाही.

ताठपणा एवढा महत्त्वाचा का, हे लांबी वाढली की समजते. सरळ, सारख्या जाडीची नळी आडवी धरली तर स्वतःच्या वजनाने ती जितकी वाकते, तो बाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. लांबी दुप्पट झाली की बाक सोळापट होतो. 5 मीटरवर मुठीत शहाण्यासारखा वागणारा पोल 10 मीटरवर वेताच्या छडीसारखा लवतो. खाली हात हलवला तरी वर ब्रश क्षणभर जागचा हलत नाही, आणि मग एकदम घसरतो. हा उशीर थांबवण्यासाठी माणूस खांदे आखडतो. दिवसाअखेरचे दुखणे पुष्कळदा वजनाचे नसून या आखडण्याचे असते. काही उत्पादक नळीची भिंत पातळ करून किलोचा आकडा खाली आणतात. भिंत पातळ केली की वजन उतरते आणि जवळपास त्याच प्रमाणात ताठपणाही उतरतो. स्वतःच्या वजनाचा बाक त्यामुळे तेवढाच राहतो. टोकावरच्या ब्रशचा बाक मात्र वाढतो. व्यास वाढवला तर ताठपणा झपाट्याने वाढतो, पण जाड नळी मुठीत बसत नाही. हातमोजे घालून मुठीत नीट मावणारा व्यास हीच तिथली मर्यादा.

कॅटलॉगमधले वजन बहुधा नुसत्या पोलचे असते. हाताला जाणवतो तो तरफेचा भार, म्हणजे वजन गुणिले त्या वजनाचे हातापासूनचे आडवे अंतर. सरकत्या पोलच्या जाड नळ्या खाली आणि बारीक नळ्या वर असल्याने त्याचा गुरुत्वमध्य निम्म्याच्या थोडा खाली, समजा 45 टक्क्यांवर असतो. ब्रश मात्र थेट टोकावर. त्यामुळे ब्रशमध्ये 100 ग्रॅम वाचवले तर पोलमध्ये सव्वादोनशे ग्रॅम वाचवल्याइतका परिणाम हातावर होतो. महागडा कार्बन पोल घेऊन त्यावर जाड लाकडी पाठीचा रुंद ब्रश चढवणे म्हणजे दिलेले पैसे टोकावर घालवणे होय. ब्रश काचेला टेकलेला असताना भाराचा काही भाग भिंत घेते. एका काचेवरून दुसऱ्या काचेवर जाताना तो उचलला की सगळा भार हातावर येतो, आणि ग्लेझिंगच्या चौकटी जितक्या लहान तितकी ही उचल जास्त.

उभे राहण्याची जागाही तितकीच निर्णायक आहे. 70 अंशांऐवजी 60 अंशांवर पोल धरला तर आडवे अंतर, आणि म्हणून तरफेचा भार, जवळजवळ दीडपट होतो. 75 अंशांवर तो 70 अंशांच्या तीन-चतुर्थांश राहतो. म्हणून पुढे छज्जा किंवा साइनबोर्ड आला की मागे सरकत जाण्यापेक्षा ब्रशचा कोन बदलणारी वाकडी मान लावणे शहाणपणाचे. ही मानही टोकावरचे वजनच आहे, त्यामुळे गरज नसेल तेव्हा काढून ठेवावी.

पाइपकडे सहसा कोणी पाहत नाही. आतला व्यास 8 मिलिमीटर असलेल्या पाइपमध्ये 10 मीटरला अर्धा लिटर पाणी मावते, म्हणजे अर्धा किलो. 5 मिलिमीटरच्या पाइपमध्ये तेच 200 ग्रॅमच्या आत राहते. बारीक पाइपमध्ये घर्षण जास्त असते. शिवाय पाणी 10 मीटर वर चढवायला सुमारे 1 बार दाब नुसत्या उंचीसाठी खर्च होतो. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा डायफ्राम पंप हे दोन्ही सहज भरून काढतो. ताकद जमिनीवरच्या पंपात घालावी, वजन काठीवर नाही.

पाण्याच्या शुद्धतेचा विचार मागच्या भागात झाला आहे. इथे एवढेच की गंगापूर धरणाचे पाणी आणि उपनगरातल्या बोअरचे पाणी यांत मोठा फरक पडतो. बेसॉल्ट खडकातून आलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. टीडीएस 500 असलेल्या पाण्याचे 20 मिलिलिटर एक चौरस मीटर काचेवर वाळले तर 10 मिलिग्रॅम क्षार मागे राहतात आणि उन्हात पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात. पाणी खराब असेल तर कोणताही पोल काच स्वच्छ ठेवू शकत नाही. म्हणून खर्चाचा क्रम आधी पाणी, मग ब्रश आणि शेवटी पोल असा असावा. बाजारात उलटा क्रम दिसतो, कारण पोल दाखवता येतो.

विजेच्या तारांच्या बाबतीत पदार्थाची निवड जिवाशी येते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे 11 केव्हीची उघडी तार इमारतीपासून आडव्या अंतराने किमान 1.2 मीटरवर असावी लागते. 33 केव्हीसाठी हे अंतर 2 मीटर आहे. ही अंतरे इमारत आणि तार यांच्यातली आहेत, पोल हाताळणाऱ्याचा विचार त्यात नाही. तो 4 मीटर मागे उभा राहून तिरका पोल वर नेतो, तेव्हा पोल नेमका तारेच्या जागेतून जातो. म्हणजे नियमात बसणारी तारही त्याच्यासाठी धोक्याचीच. कार्बन फायबर विजेचे वाहक आहे. ग्लास फायबर कोरडे असताना वीज अडवते, पण ओला, मातीने माखलेला आणि आत पाणी भरलेला पोल कोरडा नसतो. ‘ग्लास फायबर आहे, तारेला लागला तरी चालेल’ हा समज म्हणून अत्यंत घातक आहे. समोर तारा असतील तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घ्यावा, नाहीतर ती बाजू पोलने धुऊ नये. पोल गाडीवरून उतरवून उभा करण्यापूर्वी वर पाहणे, हे प्रशिक्षणाचे पहिले पान.

कारखान्यांच्या छतांवरच्या सौर पॅनेलसाठीही हेच पोल वापरले जातात. तिथे निवड थोडी बदलते. पॅनेल पत्र्याच्या उताराला समांतर बसवलेले असल्याने पोल जवळजवळ आडवा धरावा लागतो. तरफेचा भार तेव्हा कमाल असतो, मात्र ब्रशचे वजन पॅनेल पेलते. 5-6 मीटरचा, जाड व्यासाचा, ताठ हायब्रिड पोल इथे उत्तम. फार लांब कार्बन पोल वाया जातो. पॅनेलच्या एकेका साखळीत शेकडो व्होल्टचा एकदिश दाब असतो. म्हणून तडा गेलेल्या पॅनेलवर पाणी सोडू नये, आणि तापलेल्या काचेवर थंड पाणी पडू नये यासाठी काम सूर्योदयाच्या सुमारास उरकावे.

टिकाऊपणात नाशिकची धूळ हा मोठा घटक आहे. नळ्यांच्या सांध्यांवर लीव्हरचे क्लॅम्प असतात. बारीक खडी व मुरुमाची भुकटी त्यांत शिरली की पोल मिटताना नळीवर ओरखडे पडतात आणि पुढे क्लॅम्प घट्ट धरत नाही. सरकणारा सांधा 10 मीटरवर अचानक सुटला तर वरची नळी आणि ब्रश खाली माणसावर येतात. म्हणून मिटण्यापूर्वी प्रत्येक नळी ओल्या फडक्याने पुसायची. क्लॅम्पचा ताण बदलता येतो का आणि एकटा क्लॅम्प किंवा एकटी नळी सुटी मिळते का, हे खरेदीपूर्वी विचारायचे. आयात मालात सुटा भाग यायला महिने लागतात, त्यामुळे सर्वांत वरची नळी आणि दोन क्लॅम्प पोलबरोबरच घेऊन ठेवलेले परवडतात. उच्च गुणांकाचा कार्बन सर्वांत ताठ असला तरी आघाताला नाजूक असतो. छोट्या हत्तीच्या हौद्यात बादल्या-शिड्यांखाली तो टाकला की चीर पडायला वेळ लागत नाही. ग्लास फायबरचा वरचा थर उन्हाने झिजला की तंतू मोकळे होऊन हातात कुसळासारखे घुसतात. असा पोल हातमोज्यांशिवाय धरू नये आणि जास्त काळ वापरूही नये. एप्रिल-मेच्या उन्हात कोणताही पोल बंद गाडीत दिवसभर ठेवणे टाळावे, कारण तंतूंना धरणारे रेझिन उष्णतेने मऊ होत जाते.

हे सारे जमेस धरता पहिल्या मजल्यापर्यंतच्या दुकानांची कामे असणाऱ्याला 6-7 मीटरचा हायब्रिड पोल पुरेसा आहे. तिथे कार्बनसाठी दिलेले जादा पैसे हाताला फारसे जाणवत नाहीत. तिसऱ्या मजल्यापर्यंत रोज काम असेल तर मात्र कार्बनला पर्याय नाही. मधल्या कामांसाठी एकच 12 मीटरचा पोल घेऊन तो अर्धा मिटवून वापरण्याची पद्धत दिसते. त्यात न उघडलेल्या नळ्यांचे वजन विनाकारण वाहावे लागते. दोन पोल ठेवणे अधिक सोयीचे.

विकत घेण्यापूर्वीची चाचणी दुकानात होत नाही. पोल मोकळ्या जागेत पूर्ण उघडावा, स्वतःच्या कामाचा ब्रश लावावा, पाइप पाण्याने भरावा. मग भिंतीपासून नेहमीच्या अंतरावर उभे राहून ब्रश काचेवरून उचलून हातभर बाजूला नेऊन पुन्हा टेकवावा, आणि हे दहा मिनिटे करावे. उन्हाळ्यात ही चाचणी दुपारनंतर वारा सुटल्यावर घ्यावी, कारण सकाळच्या शांत हवेत कोणताही पोल चांगला वाटतो. पोल प्रत्यक्ष जो माणूस रोज धरणार आहे, त्याच्याच हातात तो द्यावा. मालकाच्या हातातली दोन मिनिटे यात धरायची नाहीत.