अनुभवाचा कागद

गुणपत्रिकेपेक्षा अनुभव मोठा, असे सांगणाऱ्यांच्या कपाटात बहुधा दोन्ही असतात. अनुभवाचेच म्हणाल तर गावकीचा अनुभव आमच्या वाडवडिलांपाशी पिढ्यान्‌पिढ्यांचा होता; महारवतन रद्द करणारा कायदा १९५८ साली आला, तोवर त्याने कुणाला बढती दिली? आज शिरूरच्या रांजणगाव वा दौंडच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत यंत्र कोळून प्यालेला कंत्राटी कामगार कंत्राटदार बदलताच अनेकदा नवखा ठरतो. कारण पदविकेवर शिक्का असतो, कसबावर नसतो. मागणी होताच कंत्राटदाराने कामाच्या तपशिलासह अनुभव प्रमाणपत्र द्यावे, असे २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता सांगते. एकट्याने मागितले तर दुसऱ्या दिवशी फाटक बंद व्हायचे. तेव्हा सगळ्या पाळीने मिळून लेखी मागावे, पोच घ्यावी.