पेटीची साथ : अप्पा जळगावकरांचे स्मरण

आम्ही चळवळीतली माणसे एकमेकांना ‘साथी’ म्हणतो. परंतु साथ करणे म्हणजे नेमके काय, हे पाहायचे असेल तर सभेत जाऊ नये. गाण्याच्या बैठकीत पेटीवाल्याच्या हातांकडे पाहावे. पंडित अप्पा जळगावकरांची (१९२२–२००९) पेटी ज्यांनी ऐकली, त्यांना हे सांगायला नको. मूळचे जालन्याकडचे हे गृहस्थ. भीमसेन जोशी, वसंतराव देशपांडे अशा थोरांच्या शेजारी बसून त्यांनी जन्म काढला.

पेटीची साथ दिसायला सोपी. गवई जो सूर घेईल तो दाबायचा, एवढेच! पण गवई पुढे कोठे जाणार, हे पुष्कळदा त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. साथीदाराने निमिषभर मागून जायचे. पुढे गेला तर गवयाची वाट अडते. फार मागे राहिला तर सुरांचा गोंधळ होतो. गवई श्वास घेईल तेवढ्या फटीत त्याचा सूर धरून ठेवायचा आणि तो परतला की मुकाट्याने बाजूला व्हायचे. भीमसेनांच्या विलंबित ख्यालात सूर लांबत जाई. तेथे डाव्या हाताने भाता असा चालवायचा की सुराला धक्का लागू नये. वसंतरावांची तान अवचित भलतीकडेच उसळे. तेथे उजव्या हाताची बोटे जागी हवीत. दोन्ही कामे एकाच कारागिराची.

त्यात हत्यार अपुरे. पेटीचा सूर पितळेच्या जिभेतून निघतो आणि तो एके ठिकाणी पक्का असतो. दोन सुरांमधली जागाच तिच्यात नाही, म्हणून मींड निघत नाही. दरबारी कानड्यातला आंदोलित गंधार कोणत्याच पट्टीखाली सापडत नाही. मग जाणता साथीदार ती पट्टी ठासून दाबत नाही. ऋषभावरून ओझरता स्पर्श करतो, भाता हलका ठेवतो, नाहीतर सरळ थांबतो आणि तंबोऱ्याला बोलू देतो. अप्पांचा हात या थांबण्यात फार शहाणा होता.

याच उणिवेवर बोट ठेवून १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने पेटीला दार बंद केले. लायनेल फील्डन तेव्हा तेथील प्रमुख. रवींद्रनाथांसारख्यांचाही पेटीला विरोधच होता. तक्रार खोटी नव्हती, हे आम्ही मान्य करतो. पण हत्यारात दोष आहे म्हणून कारागिरालाच बाहेर काढावे, हा न्याय आम्हांला पटत नाही. बंदी सैल झाली ती १९७१ साली, तीही प्रथम साथीपुरतीच. म्हणजे अप्पांच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास लागलेले टाळे ते पन्नाशीला टेकल्यावर निघाले! एकतीस वर्षांची टाळेबंदी आम्ही कोणत्याही गिरणीत पाहिली नाही. मैफली, संगीत नाटके आणि देवळांतली भजने यांनी या काळात पेटी जगवली, म्हणून पेटीवालेही जगले.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार अप्पांना २००० सालचा, वयाच्या पंचाहत्तरीनंतरचा. कार्यक्रमपत्रिकेवर साथीदाराचे नाव बारीक टाइपात छापतात. बिदागीचेही बहुधा तसेच. अप्पांच्या साथीच्या ध्वनिमुद्रिका मिळतात. श्रोत्यांनी एकदा गवयाला बाजूला ठेवून नुसत्या पेटीचा माग काढून पाहावा. बऱ्याच ठिकाणी ती हाती लागणार नाही.