बेंजो पार्टी

गारगोटीत गणपतीच्या मिरवणुकीपुढे किंवा वरातीत वाजणाऱ्या बेंजोचा अमेरिकेतल्या गोल तोंडाच्या बॅन्जोशी नावापलीकडे संबंध नाही. हे वाद्य मूळचे जपानचे. नागोया शहरात १९१२ साली गोरो मोरिता यांनी तारवाद्यावर टाइपरायटरसारख्या कळा बसवून 'ताइशोगोतो' तयार केले. भारतात त्याचे बुलबुल तरंग झाले आणि पार्टीवाल्यांच्या हातात पडल्यावर बेंजो.

लांबट पोकळ लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या पोलादी तारा आणि तारांवर कळांची पट्टी, एवढाच त्याचा पसारा. डाव्या हाताने कळ दाबली की तिची पट्टी तारेवर टेकते आणि तारेची लांबी कमी होते. उजव्या हातातली नखी तार छेडते. चालीच्या तारा एकाच स्वरात लावलेल्या असल्याने एका वेळी एकच स्वर निघतो. सतारीसारखी लांब मींड यात निघत नाही. चांगला वादक ही उणीव नखीच्या जलद फटक्यांनी भरून काढतो, आणि खरे तर बेंजोचा तो खणखणीत, किंचित किरटा आवाज याच फटक्यांचा आहे. तारांखाली पिकअप बसवून वायर अँप्लिफायरला जोडली की ढोल-ताशांच्या गदारोळातही गाण्याची चाल ओळखू येते. भर चौकात तार तुटली तर ताशेवाला ठेका लांबवत राहतो आणि बेंजोवाला खिशातली तार काढून तिथेच ओवतो.

पार्टी उभी राहते ती गल्लीतल्या, तालमीतल्या पोरांची. नोटेशन कुणाला येत नाही. चाली मोबाइलवर ऐकून बसवायच्या. भुदरगड तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवरून लग्नाच्या, जत्रेच्या सुपाऱ्या येतात, विसार घेतला जातो, टेम्पो ठरतो. मालक, मॅनेजर, हमाल सगळे तेच. मात्र अशा पार्ट्यांचे आयुष्य बहुधा चार-दोन सीझनचे. कुणी पुण्या-मुंबईला कामाला जातो, कुणाचे लग्न होते, कधी वाटणीवरून बिनसते.

आयुष्य कमी म्हणून कामगिरी कमी, असे नसते. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या 'नॉय!' या दोघांच्या बँडने १९७२ च्या पहिल्या अल्बमवर हेच वाद्य 'जपानबॅन्जो' या नावाने वापरले; ते वाजवले क्लाउस डिंगर यांनी. १९७५ पर्यंत तीन अल्बम काढून बँड मोडला. त्यांचा न थांबणारा, सरळ रेषेत धावणारा ठेका पुढे इंग्लंडातल्या पोस्ट-पंक बँडांनी उचलला. गारगोटीच्या बेंजोवाल्याला डिंगर ठाऊक असायचे कारण नाही, पण ठेका अडू द्यायचा नाही हे दोघांचेही व्रत.

बेंजोला खरा धक्का दिला डॉल्बीने. एक माणूस, एक लॅपटॉप आणि भिंतीएवढे स्पीकर; ताशेवाल्याच्या जेवणाची सोय बघायला नको. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद केले. डॉल्बीवर कारवाई वाढली की मंडळांना पुन्हा बेंजोची आठवण होते; पण भोंगे लावलेला बेंजोही याच नियमांत बसतो.

पार्टी मोडली की सामानाची वाटणी फारशी अवघड नसते. ज्याने जे घेतले ते त्याचे. वर्गणीतून घेतलेला अँप्लिफायर तेवढा वादाचा. बेंजो बहुधा शेजारच्या गावच्या नव्या पार्टीला विकला जातो, आणि ढोलावरचे जुने नाव खरवडून त्यावर नवे रंगवतात.