शटरचं बटण दाद देत नाही तेव्हा

जुन्या कॅमेऱ्याची देखभाल : भाग ५

गेल्या आठवड्यात आपण भिंगावरची बुरशी पाहिली. भिंग स्वच्छ झालं, बॅटरी चार्ज झाली, आणि तरीही फोटो निघत नाही, अशी वेळ जुन्या डिजिटल कॅमेऱ्यावर हमखास येते. पडदा उजळतो, मेनू उघडतो. फक्त शटरचं बटण दाद देत नाही. जोर लावून, तिरपं दाबून कधीमधी एखादा फोटो निघतो. मग ‘गेला हा’ म्हणत तो परत कपाटात जातो, नाहीतर भंगारात.

मला हे फार लागतं, कारण यातले कितीतरी कॅमेरे बाकी सगळ्या अंगांनी ठणठणीत असतात. २००३ साली कॅननचा ईओएस ३००डी आणि २००४ साली निकॉनचा डी७० आला, तेव्हा हौशी छायाचित्रकाराला डिजिटल एसएलआर प्रथमच आवाक्यातला वाटू लागला. दोन्ही जेमतेम सहा मेगापिक्सेलचे. पण ए-४ आकाराची सुबक प्रिंट आजही त्यांतून निघते. असा कॅमेरा एका बटणापायी टाकून देऊ नये.

बटणाच्या आत काय असतं?

शटरच्या बटणाला दोन टप्पे असतात. अर्धं दाबलं की कॅमेरा फोकस आणि प्रकाश ठरवतो. पूर्ण दाबलं की फोटो काढतो. म्हणजे एका बटणाखाली दोन स्विच आहेत. काही कॅमेऱ्यांत ते धातूच्या पातळ पट्ट्यांचे असतात, काहींत घुमटासारख्या छोट्या चकत्यांचे. दाबल्यावर धातू धातूला टेकतो, एवढंच त्यांचं काम.

फोटो काढण्याचा हुकूम देतो तो आतला प्रोसेसर. स्विचकडून येणारी तार एका रेझिस्टरमार्फत साधारण तीन व्होल्टवर धरून ठेवलेली असते. बटण दाबलं की ती शून्याला जोडली जाते, व्होल्टेज पडतं आणि प्रोसेसरला कळतं, बोट टेकलं. आता स्विचच्या धातूवर काळपट थर चढला असेल, तर मधेच अडथळा उभा राहतो. व्होल्टेज पडतं, पण पुरेसं पडत नाही. बोट दाबलेलं असतं. प्रोसेसरच्या लेखी मात्र कुणी काही दाबलेलंच नसतं. जोरात दाबल्यावर फोटो निघतो, कारण दाबाने तो थर तेवढ्यापुरता फाटतो.

घरातल्या दिव्याच्या स्विचला हा त्रास सहसा होत नाही. तिथे दर वेळी बारीकशी ठिणगी पडते आणि थर जाळून टाकते. कॅमेऱ्याच्या बटणातून वाहणारा प्रवाह एक मिलिअँपियरच्याही आत असतो. त्याच्या अंगात ती ताकद नाही. त्यात कोकण-गोव्याची दमट हवा, बोटांचा घाम आणि वर्षानुवर्षांचं कपाट. असं बटण झिजून बिघडण्यापेक्षा पडून राहून जास्त बिघडतं.

आधी निदान, मग हत्यार

पहिली चाचणी फोकसची. ऑटोफोकस जुळला नाही, तर बरेच कॅमेरे मुद्दामच फोटो काढत नाहीत आणि आळ बटणावर येतो. लेन्सवरची कळ ‘एम’वर करा, भरपूर उजेडात पुन्हा दाबून पाहा.

दुसरी चाचणी दोन टप्प्यांची. अर्धं दाबल्यावर व्ह्यूफाइंडरमध्ये आकडे उमटतात का? उमटत असतील आणि पूर्ण दाबल्यावर काहीच होत नसेल, तर संशय दुसऱ्या स्विचवर. आकडेच येत नसतील, तर पहिल्यावर.

तिसरी चाचणी सगळ्यात महत्त्वाची, रिमोटची. ३००डीला अडीच मिलिमीटरच्या पिनेचा वायरवाला रिमोट लागतो. त्या पिनेवर तीन भाग असतात : एक फोकसचा, एक शटरचा, एक दोघांच्या सामाईक जोडणीचा. डी७०साठी इन्फ्रारेड रिमोट मिळतो; तो वापरताना कॅमेरा रिमोटच्या मोडवर ठेवावा लागतो. रिमोटने फोटो निघाला, तर शटर, आरसा, मुख्य बोर्ड सगळं शाबूत आहे. दोष बटणात किंवा त्याच्या रिबन केबलमध्ये. रिमोटनेही निघाला नाही, तर बटणाच्या वाटेला जाऊ नका. बिघाड दुसरीकडे असण्याची शक्यता जास्त.

न उघडता सफाई

लागतं ते नव्व्याण्णव टक्के शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्तीवाले त्याला ‘आयपीए’ म्हणतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत मिळतं. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि बहुधा ग्लिसरीनही असतं. गंज काढायचा तेलकट स्प्रे तर मुळीच नको; त्याचं तेल मागे राहतं आणि धूळ धरतं.

बॅटरी आणि कार्ड काढा. जवळ गॅस किंवा पेटती उदबत्ती नको, खिडकी उघडी हवी. टूथपिकच्या टोकावर राहील एवढाच थेंब घ्या आणि बटणाच्या कडेच्या फटीत सोडा. लगेच बटण पूर्ण खोलीपर्यंत चाळीस-पन्नास वेळा दाबा, दाबता दाबता थोडं गोल फिरवल्यासारखं करा. सुरुवातीला बटण चिकट लागतं, मग हळूहळू दोन्ही टप्पे बोटाला वेगवेगळे जाणवू लागतात. कडेने मळकट ओल वर आली, तर सुती कापडाने टिपून घ्या. वरच्या छोट्या पडद्याकडे ओघळ जाऊ देऊ नका. पाच मिनिटं थांबून हेच आणखी दोनदा करा. नंतर रात्रभर वाळू द्या. बॅटरी सकाळीच घाला. पहिल्या दिवशी अर्धवटच फरक पडला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.

उघडायचा मोह

एवढ्यानेही जमलं नाही, तर पुढची पायरी वरचं आवरण काढून स्विच बदलण्याची. इथे माझं मत स्पष्ट आहे : इलेक्ट्रॉनिक्सचं काम हाताखालून गेलेलं नसेल, तर इथे थांबा. फ्लॅशचा कपॅसिटर साधारण तीनशे व्होल्टवर चार्ज होतो आणि बॅटरी काढल्यावरही बराच काळ तसाच राहतो. शंभर मायक्रोफॅरडचा धरला, तरी त्यात साडेचार ज्यूल ऊर्जा होते. तेवढा झटका गंभीर इजा करू शकतो. जाणकारसुद्धा तो आधी रेझिस्टर लावून रिकामा करतात आणि मीटरने खात्री करूनच पुढे हात घालतात. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करण्याचा उद्योग कुणीही करू नये.

शिवाय जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू बहुधा जेआयएस मापाचे असतात. ते साध्या फिलिप्सने फिरवले की टोक निसटतं आणि स्क्रूचं डोकं गुळगुळीत होतं. मग कारागीरही हात टेकतो. त्यामुळे कॅमेरा दुकानात न्यायचा झाला, तर न उघडलेलाच न्या आणि तिन्ही चाचण्यांचे निकाल सांगा. ‘रिमोटने चालतो, बटणाने नाही’ हे एक वाक्य कारागिराचा निम्मा वेळ वाचवतं आणि तुमचे पैसेही.

बटण सुधारल्यावर कॅमेरा पुन्हा कपाटात कोंडू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून दहा-वीस फोटो काढा. या बटणांना वापराइतकं दुसरं औषध नाही.

पुढच्या भागात : बॅटरीच्या खणात साचलेला पांढरा-हिरवा थर कसा काढायचा.