उशीर कोणाचा?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी मनाशी एक गोष्ट ठरवून टाकली. नातवाबरोबर संगणकावरची मोटारशर्यत यापुढे खेळायची नाही. हरण्याचे वाईट वाटत होते असे नव्हे. छत्तीस वर्षे बँकेत आणि त्याच्या जोडीला कादंबऱ्या लिहिण्यात घालवलेल्या माणसाला हरण्याचे फारसे काही वाटत नाही. दुखणे वेगळेच होते. वळण दिसताच मी बटण दाबी, पण गाडी जणू क्षणभर विचार करी आणि मग वळे. तोवर ती कठड्यावर आदळलेली असे. ''आबा, तुम्ही उशिरा दाबता,'' नातू म्हणे. तेरा वर्षांच्या मुलाच्या मनात त्यात काही नसते. पण सदुसष्टाव्या वर्षी असे वाक्य रात्री उशाशी येऊन बसते. माझ्या वडिलांना अखेरच्या दिवसांत सदऱ्याची बटणे लावायला पाच-पाच मिनिटे लागत. मला त्यांचे हात आठवू लागले. घरात कोणाला बोललो नाही. 'डोळे दुखतात' एवढे कारण सांगून मी खेळणे सोडले.

गोष्ट तेवढ्यावर मिटलीही असती. पण जानेवारीत नातवाचा अर्ज आला की संगणकाला नवे ग्राफिक्स कार्ड हवे. किंमत ऐकून त्याच्या आजीने कानाला हात लावले आणि बापाने ''आबांना विचार'' म्हणून अंग काढून घेतले. आता, बँकवाल्याचा स्वभाव काही निवृत्तीबरोबर जात नाही. मी म्हटले, ''आधी तपासणी, मग मंजुरी. जुन्या कार्डाचे दुखणे काय ते दाखव.''

त्याने गेम सुरू केला. पडद्याच्या कोपऱ्यात ३० हा आकडा दिसत होता. तो म्हणाला, ''सेकंदाला तीसच चित्रं निघतात, आबा.''

गेममधली हालचाल सिनेमासारखीच असते, एकामागून एक धावणारी चित्रे. पण सिनेमाची सेकंदाला २४ चित्रे आधीच तयार असतात. गेममधले प्रत्येक चित्र कार्डाला त्या क्षणी काढावे लागते. मोकळा रस्ता असेल तर ते पटकन होते, झाडे, सावल्या, पाऊस आला की वेळ लागतो. मॉनिटरचा ताल मात्र ठरलेला. आमचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी, पडदा वरून खाली रंगवत जातो. तो निम्म्यावर असताना कार्डाने नवे चित्र पुढे केले, तर वरचा भाग जुना आणि खालचा नवा दिसतो. रस्त्याकडेचा विजेचा खांब मध्येच कापून बाजूला सरकवल्यासारखा वाटतो. याला मुले 'टेअरिंग' म्हणतात. त्यावरचा उपाय म्हणजे 'व्हर्टिकल सिंक'. मॉनिटरचे एक चित्र पुरे होईपर्यंत कार्डाने थांबायचे आणि दोन चित्रांमधल्या फटीतच नवे द्यायचे. खांब कापलेले दिसतात म्हणून नातवाने ही सोय दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सुरू केली होती.

माझ्या वयाच्या वाचकांना ही भानगड अगदीच अनोळखी नाही. जुन्या कृष्णधवल टीव्हीवर चित्र कधीकधी खालून वर पळू लागे आणि कोणीतरी उठून मागची 'व्ही-होल्ड' नावाची कळ पिळी, ते आठवते का? त्या टीव्हीच्या नळीतला किरण सेकंदाला ५० वेळा पडदा वरून खाली विंचरी आणि उडी मारून पुन्हा वर जाई. 'आता वर जा' ही खूण प्रक्षेपणाबरोबरच येई. संचाला ती खूण नीट पकडता यावी म्हणून ती कळ. आजच्या सपाट पडद्यात तो किरण नाही, पण दोन चित्रांमधली फट आणि 'व्हर्टिकल' हे नाव दोन्ही टिकून आहे.

नातवाने ही सोय बंद करून दाखवली. खांब पुन्हा कापले गेले, पण आकडा ५० वर गेला! मी विचारले, ''कार्ड ५० चित्रं काढतं, तर सिंक लावल्यावर ३०च का?'' तो गप्प झाला. आणि मला एकदम आमच्या शाखेतले क्लिअरिंग आठवले.

त्या काळी चेकांचा गठ्ठा घेऊन आमचा माणूस ठरलेल्या वेळी क्लिअरिंग हाउसला जाई. तो निघून गेल्यावर पाच मिनिटांनी आलेला चेक पाच मिनिटांनी उशिरा वटत नसे, तो दुसऱ्या दिवशी जाई. इथेही तेच होते. सेकंदाला ५० चित्रे म्हणजे एका चित्राला २० मिलिसेकंद. मॉनिटरचे दार १६.७ ला उघडते, ते हुकले. पुढचे दार थेट ३३.३ ला. कार्डाजवळ असतात दोन पाट्या. एक पडद्यावर आणि दुसरी पुरी होऊन दाराशी उभी. तिसरी पाटी नसेल तर मधल्या वेळात कार्ड हात बांधून बसते. उशीर जेमतेम साडेतीन मिलिसेकंदांचा, पण पन्नासाचे तीस होतात!

मी कागद-पेन्सिल घेतली. सेकंदाला ३० चित्रांच्या हिशेबाने माझे बटण दोन चित्रे मागे पडले, तर सेकंदाचा पंधरावा भाग गेला. ताशी २०० किलोमीटरने धावणारी गाडी तेवढ्यात साडेतीन मीटरच्या वर पुढे गेलेली असते. कठडा काही एवढा लांब नव्हता. पेन्सिल खाली ठेवली आणि मी माझ्या हातांकडे पाहिले. दिवाळीपासून त्यांच्यावर ठेवलेला आरोप निम्मा तरी खोटा होता.

यावर आता चांगला तोडगा निघाला आहे. २०१३ साली एन्व्हिडियाने जी-सिंक आणले, २०१४ साली अॅडॅप्टिव्ह-सिंकचे मानक आले. यात नियमच उलटा केला आहे. कार्डाने मॉनिटरसाठी थांबायचे नाही, काही मर्यादेपर्यंत मॉनिटरच कार्डाच्या चित्रासाठी थांबतो. शहाणपणाची गोष्ट आहे. पण तसा मॉनिटर घेणे म्हणजे पुन्हा खर्च. मी नातवाला म्हटले, ''उत्पन्न वाढत नसेल तर खर्च कमी करायचा. या चित्रातलं काय काय सोडता येईल?'' आम्ही सावल्या साध्या केल्या, लांबची झाडे विरळ केली. एक चित्र १६.७ मिलिसेकंदांच्या आत निघू लागले. सिंक लावलेलेच ठेवले आणि आकडा ६० वर जाऊन स्थिर झाला. खांब सरळ उभे! कर्जाचा अर्ज नातवाने स्वतःच मागे घेतला.

मग त्याने दुसरी खुर्ची ओढून मला बसवले. डोळ्यांचे कारण त्याने विचारले नाही, मीही काढले नाही. गाडी बटणाबरोबर वळत होती. पहिली तीन वळणे मी झोकात काढली आणि चौथ्याला कठड्यावर आदळलो.

''आबा,'' नातू हसत म्हणाला, ''आता मात्र तुमचाच उशीर.''

''हो, हा माझाच,'' मी म्हटले. ''लाव पुन्हा.''