पनवेल खाडीतील मालवाहू नौका
पनवेल खाडीतील मालवाहू नौका : मुंबई बंदर व पनवेलचा धक्का यांदरम्यान मालाची ने-आण करणाऱ्या उथळ पाण्यातील नौका. रायगड (१९८१ पर्यंत कुलाबा) जिल्ह्यातील ही खाडी बेलापूरच्या बाजूने ठाण्याच्या खाडीस मिळते. गाढी व कासाडी या नद्या तिला येऊन मिळतात आणि पनवेल, कळंबोली, कामोठे इ. ठिकाणे तिच्या परिसरात आहेत. खाडी हा मानवनिर्मित कालवा नव्हे. तथापि दलदल व खारफुटी यांमधून जाणाऱ्या तिच्या अरुंद प्रवाहाने शतकानुशतके कालव्याचेच कार्य केले.

यूरोपातील कालव्यांत नौका प्रथम घोडे व पुढे वाफेवर चालणाऱ्या टग ओढीत असत. पनवेल खाडीत हे काम मुख्यतः भरती-ओहोटीने केले. दोन भरत्यांमध्ये सु. १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते आणि उधाणाच्या वेळी मुंबई बंदरातील पाण्याचा चढउतार ४ मी.हून अधिक होतो. भरतीबरोबर नौका आत शिरत, ओहोटी लागली की धक्क्यालगतच्या चिखलात टेकत आणि माल उतरवून पुढील ओहोटीबरोबर परतत. भांगाच्या दिवसांत पाणी कमी चढत असल्याने भरलेली मोठी नौका आत आणणे अवघड होई. त्यामुळे तांडेलास वाऱ्याइतकेच तिथीचेही ज्ञान आवश्यक असे.

या नौकांत मचवा व पडाव हे प्रकार प्रमुख होत. मचव्याची नाळ पुढे झुकलेली असून डोलकाठीवर तिरप्या परबाणास त्रिकोणी शीड बांधलेले असते. पडाव आकाराने मोठा व अधिक माल वाहणारा. किरकोळ वाहतुकीसाठी होड्या वापरीत. बांधणीस सागवान पसंत केले जाई व फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजविलेला कापूस ठासून भरीत. वारा पडल्यास खलाशी वल्ही किंवा लांब बांबू यांच्या साहाय्याने नौका पुढे रेटीत. नौकानयन व मासेमारी यांत कोळी, तर मिठागरे व भातशेती यांत आगरी समाज प्रामुख्याने होता.

घाटमार्गाच्या पायथ्याकडे नेणारे बंदर म्हणून पनवेलचे महत्त्व मोठे होते. १७७८ मध्ये पुण्यावर निघालेली इंग्रजांची फौज तोफांसह जलमार्गाने पनवेलला उतरली. या मोहिमेचा शेवट जानेवारी १७७९ मध्ये वडगावच्या तहात झाला. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाल्यावर मुंबईहून नौकेने पनवेल व तेथून गाडीने पुणे हा नित्याचा मार्ग बनला. १८६३ मध्ये घाटातील लोहमार्ग पूर्ण झाला आणि दख्खनचा व्यापार व उतारू रेल्वेकडे वळले. तांदूळ, मीठ इ. स्थानिक माल मात्र नौकांनीच जात राहिला. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल वाहतुकीस खुला झाल्यावर मालमोटारींना मुंबईचा थेट मार्ग मिळाला व नौकांचा हा आधारही सुटत गेला.

पूर्वी पनवेलच्या धक्क्यावर होणारी मालाची अदलाबदल आता कळंबोलीस होते. सिडकोने वसविलेला लोखंड-पोलाद बाजार तेथे असून २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग तेथूनच सुरू होतो. नौका व बैलगाडी यांची जागा मालमोटारीने घेतली. स्थान मात्र जवळपास तेच राहिले.

जिल्ह्यातील अवजड जलवाहतूक आज अंबा नदीच्या धरमतर खाडीत दिसते. तेथे डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी बार्जांमधून कच्चा माल येतो. २०१६ च्या अधिनियमाने अंबा नदीचा हा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग ठरला. पनवेल खाडीवरील बेलापूर धक्क्यावरून १७ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईसाठी जलटॅक्सीचा प्रारंभ झाला. याच खाडीच्या परिसरात भराव घालून व उलवे नदीचा प्रवाह वळवून उभारलेल्या विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. शिडाचा मचवा मालवाहतुकीतून नाहीसा झाला आहे. भरावामुळे भरतीचे पाणी पसरण्याची जागा व मासळीची क्षेत्रे आकुंचित होतात; त्यामुळे खाडीचा प्रवाह खुला राहणे हा येथील मच्छीमारांच्या उपजीविकेचा प्रश्न बनला आहे.